खाणमालकच का जिंकतो?

इंग्रजीत ज्याला ‘सीरियस गेम’ म्हणतात त्याला मराठीत काय म्हणायचं, यावर आमच्या मंडळाची एक अख्खी बैठक गेली. ‘गंभीर खेळ’ म्हटलं की सुतकात बसून पत्ते पिसल्यासारखं वाटतं. ‘बोधखेळ’ म्हटलं की बालवाडी. क्लार्क अ‍ॅब्ट यांनी १९७० साली याच नावाचं पुस्तक लिहिलं, तेव्हापासून हा शब्द चालत आलाय. करमणुकीच्या पलीकडचं काही दाखवण्यासाठी मुद्दाम बनवलेला खेळ, एवढाच त्याचा अर्थ. शेवटी आम्ही नाव ठेवण्याचा नाद सोडला. या लेखात मी नुसतं ‘खेळ’ म्हणणार आहे.

तर, नव्या शैक्षणिक धोरणानंतर प्रकल्प वाढले आणि अर्थशास्त्र-समाजशास्त्राच्या मुलांना पोस्टर आणि पीपीटीच्या जोडीला ‘एखाद्या सामाजिक प्रश्नावर खेळ तयार करा’ असंही सांगितलं जाऊ लागलं. ही चांगली गोष्ट आहे. गटागटाने पुठ्ठे कापत बसलेली मुलं पाहिली की कॉलेजात काहीतरी चाललंय असं वाटतं. माझी तक्रार आहे ती या खटाटोपातून बाहेर काय पडतं याबद्दल.

दहातले सात खेळ सापशिडीचे असतात. ‘झाड लावलं’ तिथे शिडी, ‘प्लास्टिक फेकलं’ तिथे साप. ‘मुलीला शिकवलं’, शिडी. ‘दारू प्यायली’, साप, आणि त्याची शेपटी ‘कर्जबाजारी’ या घरात. रंगसंगती सुरेख असते, अक्षर वळणदार असतं, परीक्षक कौतुक करतात. पण सापशिडीत खेळणारा काय ठरवतो? काहीच नाही. फासा पडेल तसं जायचं. आपल्याकडच्या जुन्या मोक्षपटाला हे शोभायचं, कारण तिथे दानाचा अर्थच वेगळा होता. जन्म, कर्म, प्रारब्ध यांचा तो पट. तोच पट उचलून त्यावर कर्ज, बेकारी, स्थलांतर चिकटवलं की नकळत दोन गोष्टी सांगितल्या जातात. एक, माणूस गरीब होतो तो नशिबाने. दोन, कर्ज होतं ते व्यसनाने. ज्या मुलांनी तो पट केला त्यांना यातलं एकही म्हणायचं नव्हतं. त्यांच्या अहवालात तर दुसरंच लिहिलेलं असतं. पण पट आपलं म्हणणं मांडून मोकळा झालेला असतो.

पटावर काय छापलंय त्यापेक्षा नियम काय आहे, याने खेळाचं म्हणणं ठरतं. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्या प्रत्येकाच्या घरी सोफ्याखाली पडलेलं आहे. ‘व्यापार’ म्हणा, ‘बिझनेस’ म्हणा, मूळ मोनोपॉली. या खेळाची खरी आई एलिझाबेथ मॅगी नावाची अमेरिकन बाई. १९०४ साली तिला ‘लँडलॉर्ड्स गेम’ या खेळाचं पेटंट मिळालं. ती हेन्री जॉर्ज या अर्थविचारवंताच्या मताची होती. जमिनीची किंमत वाढते ती सगळ्या समाजामुळे, मग ते वाढलेलं मूल्य एकट्या मालकाने का खावं, ते कराने समाजाकडे यावं, असं त्याचं म्हणणं. मॅगीने पुढे त्याच पटाला दोन नियमावल्या दिल्या. एकीत भाडं मालकाला जायचं आणि शेवटी एकजण सगळ्यांना बुडवायचा. दुसरीत जमिनीचं भाडं सार्वजनिक पेटीत जायचं आणि सगळ्यांचं थोडं थोडं बरं व्हायचं. दोन्ही खेळून बघा आणि फरक तुम्हीच ठरवा, ही तिची कल्पना. विद्यापीठांतल्या मुलांनी हा खेळ हाताने कापडावर उतरवून घेतला, मित्रमंडळींत फिरवला. १९३५ मध्ये पार्कर ब्रदर्सने चार्ल्स डॅरोकडून मोनोपॉली घेतली, मॅगीचं पेटंट पाचशे डॉलरना विकत घेतलं, आणि जगभर गेली ती एकच नियमावली, बुडवायची. पट तोच होता. आज आपण सुट्टीत त्यावर चुलतभावाला दिवाळखोर करून टाळ्या पिटतो.

हे माहीत असल्यामुळे आमच्या गटाने खाणींवर खेळ करायचं ठरवलं तेव्हा आम्ही पट रंगवायला घेतलाच नाही. आधी नियमांवर बसलो. मी डिचोली तालुक्यातली. गटातले आणखी दोघं त्याच बाजूचे, एक सांग्याकडचा. आमच्यापैकी कुणाच्या घरी ट्रक होता, कुणाच्या घरी खाणीच्या रस्त्यावरचं चहाचं दुकान होतं, एकीचे बाबा गॅरेजात होते. सांगायचा मुद्दा, माहिती गोळा करायला आम्हाला लायब्ररीच्या आधी स्वयंपाकघरात जावं लागलं.

ज्यांना आठवत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चीनची मागणी वाढली तसा २००३-०४ पासून गोव्याच्या खनिजाचा भाव चढत गेला. आधी जी माती कमी प्रतीची म्हणून टाकून दिली होती तीसुद्धा विकली जाऊ लागली. २०१०-११ मध्ये निर्यात पाच कोटी टनांच्या वर गेली. गावागावांत लोकांनी कर्ज काढून ट्रक घेतले. मांडवी-जुवारीत बार्जांची रांग लागायची. मग न्या. शहा आयोगाचा अहवाल आला, सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या, पाठोपाठ सर्वोच्च न्यायालयाने. २०१४ मध्ये वर्षाला दोन कोटी टनांच्या मर्यादेवर परवानगी मिळाली. फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ लीजांचं नूतनीकरण न्यायालयाने रद्द केलं आणि मार्चच्या मध्याला पुन्हा सगळं बंद. २०१४ च्या निकालातली एक गोष्ट आमच्या खेळासाठी फार महत्त्वाची ठरली. न्यायालयाच्या म्हणण्यानुसार लीजांची मुदत नोव्हेंबर २००७ मध्येच संपली होती. म्हणजे गावाने ज्या वर्षांत सगळ्यात जास्त ट्रक घेतले, ती वर्षं मागाहून बेकायदा ठरली. हप्ते मात्र कायदेशीर होते.

आता याचा खेळ करायचा कसा? पहिली अडचण लगेच आली. गोव्यातल्या कुठल्याही मुलाला खेळायला बसवा, त्याला शेवट माहीत असतो. तो ट्रक घेतच नाही. शहाण्यासारखा पैसे बँकेत ठेवतो, आणि वर म्हणतो, लोकांनी एवढा विचार करायला नको होता का? हे ऐकून आमच्यातला एकजण, ज्याच्या घरचा ट्रक अजून पावसात उभा आहे, खुर्ची मागे सारून उठला होता.

म्हणून आम्ही पटावरून साल काढून टाकलं. खेळ किती फेऱ्यांचा हे एका पाकिटात बंद असतं, पाकिटं वेगवेगळी आहेत आणि एकात तर बंदी येतच नाही. फेऱ्यांत खनिजाचा भाव वाढत जातो, ट्रिपांचा दर बरा असतो, बँकेचं कार्ड स्वतःहून तुमच्यापुढे येतं. दर फेरीला ट्रक न घेतलेल्याचं उत्पन्न घेतलेल्यापेक्षा कमी पडतं आणि त्याच्या घरातलं खर्चाचं कार्ड तेवढंच राहतं. मग बघा शहाणपण किती फेऱ्या टिकतं. २००६ साली माणसाला जे माहीत नव्हतं ते खेळणाऱ्यालाही माहीत नसलं पाहिजे. इतिहासावर खेळ करणाऱ्या प्रत्येक गटाने ही काळजी घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे, नाहीतर तो खेळ मेलेल्या माणसांना उपदेश करण्याचा होतो.

खेळाडू सहा. खाणमालक, ट्रकमालक दोन, शेतकरी, गॅरेजवाला आणि ड्रायव्हर. खाणमालकाचा सुरुवातीचा पैसा इतरांपेक्षा कितीतरी जास्त, कारण त्याच्याकडे पोर्तुगीज काळापासूनची कन्सेशन आहे, जिचं १९८७ च्या कायद्याने लीज झालं. दर फेरीला किती टन काढायचे हे तो ठरवतो. त्यावर ट्रकच्या ट्रिपा, त्यावर ड्रायव्हरची मजुरी, गॅरेजचं काम, आणि शेतकऱ्याच्या शेतात किती चिखल उतरला ते. बंदी आली की त्याची मिळकत थांबते, पण त्याच्यामागे हप्ता नसतो. आम्ही जितक्या वेळा खेळलो तितक्या वेळा खाणमालक जिंकला.

एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत परीक्षकांनी नेमकं यावरच बोट ठेवलं. खेळ ‘बॅलन्स्ड’ नाही, म्हणाले. सगळ्यांना जिंकण्याची समान संधी हवी. शिवाय शेवट निराशाजनक आहे, एक ‘शाश्वत खाणकाम’ नावाचं कार्ड घाला, ते मिळालं की सगळेच जिंकतील, मुलांसमोर सकारात्मक संदेश जाईल. ही सूचना प्रेमाने केलेली होती हे मला मान्य आहे. पण ती आम्ही घेतली नाही, आणि घेऊ नये असंच मला वाटतं.

समान संधीचं बघा. बुद्धिबळात दोन्हीकडे सोळा सोळा सोंगट्या असतात, कारण तिथे कोण जास्त हुशार ते बघायचंय. आम्हाला ते बघायचंच नव्हतं. असमान सुरुवातीने काय होतं ते बघायचं होतं. बर्कलीला पॉल पिफ नावाच्या मानसशास्त्रज्ञाने मोनोपॉलीचा मुद्दाम वाकडा डाव मांडला होता. नाणं उडवून एकाला दुप्पट पैसे, दोन फासे आणि दर चक्कराला दुप्पट पगार द्यायचा, दुसऱ्याला त्याच्या निम्मं. काही वेळातच श्रीमंत खेळाडू सोंगटी जोरात आपटायला लागायचे, आणि शेवटी कसे जिंकलात विचारलं की आपण कुठली जागा कधी विकत घेतली ते सांगायचे. नाण्याचं नाव क्वचितच निघायचं. आमच्याकडे हे आपोआप घडतं. खाणमालक झालेली मुलगी (अभ्यासात तशी साधारणच) तिसऱ्या फेरीनंतर इतरांना गुंतवणुकीचे सल्ले द्यायला लागते. समतोल साधून मी हे घालवलं तर उरलं काय?

त्या जादूच्या कार्डाबद्दल मात्र मला जरा जास्त बोलायचंय. गरिबीवरच्या खेळांत ‘योग्य निवड करा आणि तरून जा’ ही रचना फार आवडती आहे. अमेरिकेत २०११ मध्ये ‘स्पेंट’ नावाचा एक खेळ आला. तो डरहॅममधल्या बेघरांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेसाठी केला होता. हातात एक हजार डॉलर, महिना काढायचा. भाडं, औषध, मुलाची सहल, दर दिवशी एक निवड. खेळ चांगला आहे, मी खेळले आहे, पोटात खड्डा पडतो. पण २०१६ मध्ये येल विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी त्याचा परिणाम तपासला तेव्हा निघालं भलतंच. खेळल्यामुळे गरिबांविषयीचं मत काही सुधारलं नाही. ज्यांचा ‘कष्ट करेल तो वर जाईल’ यावर आधीपासून पक्का विश्वास होता, त्यांचं तर उलट कडवट झालं. ज्यांनी स्वतः न खेळता दुसऱ्याचा खेळ नुसता पाहिला त्यांच्यावर मात्र बरा परिणाम दिसला. कारण असं मांडलं गेलं की बटण आपल्या हातात असलं की परिस्थितीही आपल्या हातात आहे असं वाटतं. मी महिना काढला, मग त्यांना का जमत नाही?

हे वाचल्यावर माझी दोन रात्री झोप उडाली होती. कारण मग खेळ हे माध्यमच या कामाला नालायक ठरतं. पण नंतर लक्षात आलं की ‘स्पेंट’ एकट्याने खेळायचा आहे. तिथे समोर फक्त स्क्रीन असतो. आमच्या टेबलावर सहाजण आहेत, आणि ट्रकमालकाचा निर्णय आणि त्याचं भवितव्य यांच्या मध्ये खाणमालकाचा निर्णय येऊन बसतो. शेतकऱ्याने कितीही उत्तम निवड केली तरी डोंगरावरून किती माती येणार हे दुसऱ्याच खुर्चीत ठरतं, आणि ती खुर्ची त्याला दिसते, तिच्यावर बसलेल्या मैत्रिणीशी तो भांडतो. एकट्याच्या निवडीवर सगळं सोडलं की दोष एकट्यावर येतो. सामाजिक प्रश्नावरचा खेळ शक्यतो टेबलावरचा, अनेकांचा असावा असं मी म्हणते ते यासाठी. मोबाइल अ‍ॅप करायचा मोह सगळ्यांना असतो, पण आधी पुठ्ठ्यावर करून बघा.

आणि बाहेर पडायची वाट? ती हवीच. नुसती कोंडी दाखवून खेळणाऱ्याला घरी पाठवणं हाही एक आळस आहे. पण ती वाट कुणाच्या हाताला लागलेल्या कार्डात असू नये, नियमात असावी. इथे आम्ही मॅगीबाईंची उसनवारी केली. त्याच २०१४ च्या निकालात न्यायालयाने सांगितलं होतं की लोहखनिजाच्या विक्रीतला दहा टक्के भाग एका कायमस्वरूपी निधीत ठेवावा, पुढच्या पिढ्यांसाठी. आमच्या दुसऱ्या नियमावलीत पहिल्या फेरीपासून दहावा हिस्सा टेबलाच्या मधल्या पेटीत जातो. बंदी आली की पेटी उघडते. खाणमालक तरीही पहिलाच येतो, हे लपवायचं कारण नाही, पण ट्रकमालक बुडत नाहीत आणि शेतकरी शेत विकत नाही. कुठली नियमावली घ्यायची यावर खेळाआधी मतदान होतं. जागा वाटायच्या आधी मत घेतलं तर पेटीला जवळजवळ सगळे हो म्हणतात. जागा वाटून झाल्यावर घेतलं तर एक हात वर येत नाही. कोणाचा ते सांगायला नको. सरांनी यावर पूर्ण तास चर्चा घेतली, आणि तो माझ्या तीन वर्षांतला अर्थशास्त्राचा सगळ्यात चांगला तास.

ड्रायव्हरवरून आमच्यात खूप वाद झाला तेही सांगते. त्याच्याकडे निर्णय नाहीत, मग तो खेळाडू कशाला, नुसतं कार्ड करूया, असं काहींचं म्हणणं. खेळ बनवणाऱ्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. ज्याला काही करायला नाही तो कंटाळतो. पण मग गावाच्या गोष्टीत ज्याच्या हाती काही नव्हतं तो पटावरूनही गेला. मी हट्ट धरला. शेवटी त्याला एक निर्णय मिळाला, दिवसाला किती ट्रिपा मारायच्या. मजुरी ट्रिपेमागे, म्हणून सगळे जास्त मारतात, आणि जास्त मारल्या की अपघाताच्या गठ्ठ्यातलं पान उचलावं लागतं. त्या काळातला खाणीचा रस्ता ज्याने ओलांडलाय त्याला हा नियम समजावून सांगावा लागत नाही.

दूरच्या लोकांच्या दुःखावर खेळ करणं सोपं असतं का, हा प्रश्न मला पडतो. ‘दारफूर इज डाइंग’ हा २००६ चा प्रसिद्ध खेळ कॅलिफोर्नियातल्या विद्यार्थ्यांनी केला. पाणी आणायला घरातल्या कोणाला पाठवायचं हे त्यात ठरवावं लागतं. त्याच वर्षी ब्रुकलिनच्या शाळकरी मुलांनी हैतीतल्या एका गरीब कुटुंबावर खेळ तयार करण्यात भाग घेतला. दोन्हींनी पुष्कळ लोकांना काही माहीत नसलेल्या जागी नेलं, त्याचं मोल मी कमी करत नाही. पण दारफूरच्या माणसाने येऊन ‘असं नव्हतं हो’ म्हणण्याची भीती त्या मुलांना नव्हती. आम्हाला होती.

म्हणून खेळ आधी गावात नेला. देवळाच्या मंडपात सतरंजीवर मांडला. एक काका, ज्यांचे एके काळी दोन ट्रक होते, ट्रकमालक म्हणून बसले. आम्हाला वाटलं ते तरी आता घेणार नाहीत. दुसऱ्या फेरीत पहिला घेतला, चौथ्या फेरीत दुसरा. मी न राहवून विचारलं, काका, तुम्हाला तर माहीत आहे ना? ते पानांकडेच बघत म्हणाले, “तेन्ना सगळेच घेताले, बाय.” मग बंदीचं पाकीट निघालं. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, हप्त्याचं कार्ड चुकलंय, बँकेचा माणूस दर महिन्याला यायचा, तुम्ही वर्षाला एकदा आणलाय. आम्ही ते बदललं. खेळ आता वीस मिनिटांनी लांबलाय, पण चालेल.

एक गोष्ट खास आपल्या मंडळासाठी. कार्डावरची वाक्यं लिहिणं हे अर्थशास्त्राच्या मुलांचं काम नाही, आपलं आहे. पहिल्या मसुद्यात एका कार्डावर ‘खाणकामाच्या पर्यावरणीय दुष्परिणामांमुळे कृषी उत्पादकतेत घट’ असं होतं. पाठ्यपुस्तकातून उचललेलं. आता तिथे ‘मेर फुटली. शेतात लाल चिखल. भात निम्मं.’ एवढंच आहे. शब्द निवडताना भांडणंही झाली. ट्रिप की फेरी, मायन की खाण, बार्जला मराठी शब्द शोधायचा की नाही. लोक जे बोलतात ते ठेवलं. तीन ओळींत माणसाचं वर्ष बसवायचं, आणि वाचणाऱ्याने ते मोठ्याने वाचून पुढच्याला द्यायचं, असा लेखनप्रकार आपल्या अंकात आजवर आलेला नाही. पुढच्या वर्षी कुणी मुंडकारांवर खेळ करायचं म्हणतंय, कुणी किनाऱ्यावरच्या भाड्याच्या खोल्यांवर. त्यांनी आमच्याकडे जरूर यावं, आणि सापशिडी घरी ठेवून यावं.

खेळाचा डबा वाचनालयात काउंटरच्या मागे, उजव्या कपाटात आहे. सहा माणसं आणि दोन तास लागतात. शेतकऱ्याची दोन कार्डं हरवली आहेत, ती सध्या वहीच्या कागदावर लिहून ठेवली आहेत. कुणाच्या घरी जुन्या ट्रिपांच्या चिठ्ठ्या किंवा ट्रकच्या कर्जाचं पासबुक असेल तर फोटो काढायला द्या, नावं झाकून घेऊ.